पाच त्रिक पंधरा, मग मार्क कुठं गेला?

ताई, ५ × ३ हा गुणाकार बेरजेत मांडताना तुमच्या तिसरीतल्या मुलीनं ५ + ५ + ५ असं लिहिलं आणि बाईंनी ३ + ३ + ३ + ३ + ३ हवं म्हणून मार्क कापला, एवढंच ना? मग पोरीचं चुकलेलं नाही. आपला पाढाच सांगतो: "पाच त्रिक पंधरा", म्हणजे पाच तीनदा. आमच्या बेळगावकडच्या खानापुरात शेजारची कन्नड शाळेतली पोरं "ऐद मूरला हदिनैदु" म्हणतात, तिथंही पाचच तीन वेळा. कुठला आकडा किती वेळा घ्यायचा हा वाचण्याचा संकेत, उत्तर दोन्हीकडं पंधराच. हां, पाच ताटांत करदंटच्या तीन-तीन वड्या असं शाब्दिक उदाहरण असेल तर मात्र बाईंचं बरोबर.

एसएसएलसीला, म्हणजे आमच्या कर्नाटकातल्या दहावीला, उत्तरपत्रिकेची प्रत मागवून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो, तिसरीला कसला अर्ज! पेपर घेऊन शाळा सुटल्यावर बाईंना भेटा, पोरीला बाहेर थांबवून. माझ्या लेकाच्या वेळी मी भर वर्गातच वाद घातला. मार्क मिळाला, पण पोरगं वर्षभर शेवटच्या बाकावर जाऊन बसलं.