सहा जणांचा तंबू म्हणजे सहा जण आडवे, बस्स

चौघांना चार माणसांचा तंबू पुरेल का, असा प्रश्न नेहमी पडतो. पुरेल, पण फक्त झोपायला. कंपन्या माणशी साधारण 60 सेंटीमीटर रुंदी धरतात, म्हणजे खांद्याला खांदा. सामान, चिखलाचे बूट, झोपेत गोल फिरणारं पोर, यांचा हिशोब त्यात नसतो. सहाचाच घ्या.

उंचीवर मात्र भाळू नका. आत उभं राहून पँट चढवता येणं हे सुख आहेच, पण उंच तंबू वाऱ्यात शिडासारखा फुगतो. एकदा आळसापोटी ताणाच्या दोऱ्या न बांधता झोपलो. पहाटे तीनला भिंत तोंडावर!

पावसाळी जागा असेल तर बाहेरचं आवरण पार जमिनीपर्यंत येतंय ना, शिवणींना आतून टेप आहे ना, बघा. खाली अंथरलेली ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर डोकावू देऊ नका, तिच्यावर पडलेलं पाणी थेट तळाखाली शिरतं. सकाळी आत ओल दिसली की लोक तंबूला शिव्या घालतात, पण बहुतेक वेळा ती आपल्याच श्वासाची वाफ थंड कापडावर जमलेली असते. वरच्या जाळ्या पावसातही बंद करू नका.

आणि पहिल्यांदा उभारायचा तो घराजवळच, उजेडात.