चर्चा: पाठीवरच्या पोराचा चेहरा मांगात दिसावा का?

पाऊलवाट:
जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकींनी १९०८ साली ‘असाही’ वृत्तपत्रात ‘युमे ज्यूया’ लिहिलं, म्हणजे दहा रात्रींची दहा स्वप्नं. कोंदो योको यांनी २०१७ मध्ये त्याची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा केली. माझा आक्षेप फक्त तिसऱ्या रात्रीपुरता आहे. ही गोष्ट चित्रात आणूच नये.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: रात्रीची वेळ, एक माणूस आपल्या सहा वर्षांच्या आंधळ्या पोराला पाठुंगळी घेऊन चाललाय. आवाज लहान मुलाचा, बोलणं मोठ्या माणसाचं. “शेतं लागली,” पोर म्हणतं. तुला कसं कळलं? “बगळा ओरडतोय ना.” आणि मग बगळा ओरडतो. आधी उत्तर, मागून आवाज! बापाला धडकी भरते, हे ओझं रानात टाकून द्यावं असं वाटू लागतं. शेवटी एका झाडाच्या मुळाशी पोर सांगतं, बरोबर शंभर वर्षांपूर्वी तू मला मारलंस. त्या क्षणी ते पाठीवर दगडी जिझोसारखं जड होतं. जिझो म्हणजे जपानात वाटेच्या कडेला उभा असणारा, मुलांना सांभाळणारा बोधिसत्त्व.

पाठीवरचं बापाला दिसत नाही, म्हणून आपल्यालाही दिसत नाही. मानेमागून येणारा आवाज आणि वजन, एवढंच. चित्रकाराने एकदा समोरून चौकट काढली की बापाच्या आधी आपणच पोराचं तोंड पाहतो. संपलं.

शाईचा डाग:
अजिबात पटलं नाही. डोळे गेलेत, डोकं भादरून निळसर झालंय, हे सोसेकींनी सुरुवातीलाच सांगितलंय. म्हणजे रूप त्यांनीच दिलं. आणि ‘चांदोबा’तलं शंकर यांचं चित्र आठवा, विक्रमाच्या खांद्यावर प्रेत. दर महिन्याला तेच चित्र, तरी लहानपणी मी त्या पानावर हात ठेवून गोष्ट वाचायचे. पाहिल्यानं भीती कमी होते हे कोणी सांगितलं?

शिवाय बगळ्याचा प्रसंग तर मांगासाठीच लिहिल्यासारखा आहे. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे डाव्या पानाच्या तळाशी डावीकडची चौकट ही पान उलटण्याआधीची शेवटची. त्या उलटण्याला तिकडे ‘मेकुरी’ म्हणतात. तिथे पोराचं वाक्य ठेवा, पान उलटल्यावर बगळा. मधला तो क्षण गद्यात हातात येत नाही.

पाऊलवाट:
मेकुरीचं मान्य, खरंच मान्य. विक्रमाचं नाही. त्याला ठाऊक असतं खांद्यावर काय आहे, त्यानेच झाडावरून उतरवलेलं असतं. इथे बापाला शेवटपर्यंत कळत नाही, आणि गोष्ट त्यावरच उभी आहे. माणसाचा किडा होतो त्या ‘मेटामॉर्फोसिस’ गोष्टीच्या वेळी काफ्कानेही १९१५ साली प्रकाशकाला कळवलं होतं की मुखपृष्ठावर किडा काढू नका, लांबूनसुद्धा नको.

गल्लीतला_वाचक:
काफ्काचं पत्र पुढेही वाचा. उजेडातल्या खोलीत आईवडील आणि बहीण, आणि शेजारच्या अंधाऱ्या खोलीचं दार उघडं, असं चित्र त्याने स्वतःच सुचवलं होतं. नकार किड्याला होता, चित्राला नव्हता. अंधार शाईने काढता येतो, काळा रंग मांगाइतका कोण वापरतं?

शाईचा डाग:
हेच म्हणते. बापाचे पाय काढा ना. चिखलात रुतलेली टाच, वाकलेला गुडघा, गळ्याभोवती लहान बोटं. पानागणिक टाच खोल जाऊ दे. वजन आलं, चेहरा लागलाच नाही.

पाऊलवाट:
टाच आणि बोटं चालतील. एवढं मी मागे घेतो. पण शेवटच्या चौकटीत पाठीवर दगडी जिझो काढला तर माझा विरोध कायम. सोसेकींनी ‘जिझोसारखं जड’ लिहिलंय. पोराचा जिझो झाला असं कुठेच लिहिलेलं नाही.