मदत हवी आहे: पेनिसिलिनसोबत स्ट्रेप्टोमायसिन चालतं, मग टेट्रासायक्लिन का नाही?

नमस्कार मंडळी. मी तासगाव तालुक्यातली, बीएस्सीला सूक्ष्मजीवशास्त्र आहे. आमच्या जर्सी गाईला दगडी (कासेचा दाह) झालीय. कासेचा मागचा उजवा भाग कडक, गरम. धार काढली की पाणीदार दूध आणि त्यात गुठळ्या. डॉक्टरांनी पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनचं एकत्र इंजेक्शन चालू केलंय. शेजारचे आप्पा म्हणतात, जोडीला ऑक्सिटेट्रासायक्लिन (टेट्रासायक्लिन गटातलंच औषध) द्या, लवकर उतार पडेल. डॉक्टर ठाम नको म्हणाले आणि पुढच्या गोठ्यावर गेले.

पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही आणि गाईच्या पेशींना भिंत नसते, एवढं कळतं. पण स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन दोन्ही जिवाणूच्या रायबोसोमच्या, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, 30एस या लहान भागावरच बसतात ना? मग एक चालतं, दुसरं का नाही? पुस्तकात गटवार तक्ता आहे, हे नाही. कुणी नीट समजावून सांगेल का?

प्रतिसाद:
ताई, जागा जवळपास तीच, परिणाम वेगळा. पेनिसिलिन फक्त वाढणाऱ्या जिवाणूला मारतं. वाढताना तो भिंत सोडवून नव्याने सांधत असतो. सांधणारं एन्झाइम पेनिसिलिन अडवतं, भिंत कमजोर होते आणि आतल्या दाबाने जिवाणू फुटतो. टेट्रासायक्लिन प्रथिनं बनणंच थांबवतं. जिवाणू मरत नाही, नुसता थबकतो. वाढ थांबली की भिंतीचं काम थांबतं, मग पेनिसिलिनला करायला काही उरत नाही. 1951 साली न्यूमोकोकल मेंदूज्वराच्या रुग्णांत हे दिसलं होतं: नुसत्या पेनिसिलिनपेक्षा पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिन गटातलं औषध अशी जोडी दिलेल्यांत मृत्यू जास्त झाले.

स्ट्रेप्टोमायसिन प्रथिनं चुकीची बनवायला लावतं. ती पेशीच्या पटलात घुसतात, पटल गळकं होतं, जिवाणू मरतो. शिवाय स्ट्रेप्टोकोकससारख्या जिवाणूंत ते एकटं सहज शिरत नाही. पेनिसिलिन भिंत खिळखिळी करून त्याला वाट देतं.

टेट्रासायक्लिन वाईट नाही हो. मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूला भिंतच नसते, तिथे पेनिसिलिन निरुपयोगी आणि हेच कामाला येतं. म्हणून डॉक्टरांचं ऐका, आप्पांना प्रेमाने सांगा.

आणि कळकळीने सांगतो, डॉक्टर सांगतील तितके दिवस तिचं दूध संकलन केंद्रावर घालू नका, चांगल्या तीन सडांचंही नाही. औषधाचा अंश राहिला तर विरजण लागत नाही, आणि पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या माणसाला त्रास होऊ शकतो.