अनुदान बंद करा म्हणणाऱ्यांनी एकदा व्हाउचरची वही बघावी

व्हाउचरवाला
'करदाता नं. १' यांनी परवा इथे लिहिलं की मराठी सिनेमाचं सरकारी अनुदान एका फटक्यात बंद करा, "ज्या धंद्याला गिऱ्हाईक नाही तो माझ्या खिशातून का पोसायचा?" खाली टाळ्यांचा कडकडाट. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

मी प्रॉडक्शनचे हिशेब लिहितो. मागच्या सिनेमाची वही समोर आहे. कोल्हापूरजवळच्या एका गावात 24 दिवस शूटिंग. जनरेटरचं डिझेल, लाइटमनची शिफ्ट, गावातल्या बचतगटाच्या भाकरी, शाळेच्या दोन खोल्यांचं भाडं, टेम्पो. एक म्हैस, दिवसाचे 1,500. ती सारखी कॅमेऱ्याकडे बघत राहिली, सीन झाला नाही, म्हणून दुसऱ्या दिवसाचे आणखी 1,500. नटाच्या गाडीपेक्षा ही असली पानं जास्त आहेत वहीत. अनुदान म्हणजे निर्मात्याच्या बंगल्याचा मजला असं ज्यांना वाटतं त्यांनी ही पानं वाचावीत.

आणि फुकट म्हणाल तर, जीएसटी यायच्या आधी हिंदीच्या तिकिटावर 45 टक्क्यांपर्यंत करमणूक कर होता आणि मराठीला माफ होता. 1 जुलै 2017 ला ती माफी गेली. शंभरावरच्या तिकिटाला आधी 28 टक्के, 2019 पासून 18. आता 236 च्या तिकिटात 36 कर. उरलेल्या 200 मधले पहिल्या आठवड्यात साधारण अर्धे थिएटरचे. सरकारी समिती गुण देऊन सिनेमाचा दर्जा ठरवते; 'अ' दर्जाचं अनुदान 40 लाख, 'ब' चं 30. म्हणजे एक लाख अकरा हजार तिकिटं खपली की 40 लाख कररूपाने परत. कोण कोणाला पोसतंय?

करदाता नं. १
माझ्या नावाचा धागा निघाला, धन्य झालो.

हिशेबनीस साहेब, जीएसटीचा अर्धा दिल्लीला जातो. अनुदान मुंबई देते. तेव्हा एक लाख अकरा नाही, दोन लाख बावीस हजार तिकिटं म्हणा. तेवढी किती मराठी सिनेमांची खपतात? आणि रोजगार तर गुटख्यानेही मिळतो.

पुण्यात एका 'दर्जेदार' सिनेमाला गेलो होतो. आम्ही तिघं. त्यातला एक एसीसाठी आला होता, तो घोरत होता. नायक पहिली वीस मिनिटं विहिरीत बघतो. मध्यंतरानंतर पुन्हा विहीर. अनुदानाच्या आकड्याला बजेट बसवून काढलेले सिनेमे लोकांना कळत नाहीत असं वाटतं का? प्रेक्षक नकोच असतात, समितीतली चार माणसं पुरतात.

आगाऊ
विहीर 'ब' दर्जाची होती का?

सांगलीची हळद
सिनेमे चांगले असोत नाहीतर वाईट, बघायचे कधी? आमच्याकडे मराठीला सकाळी 9:40 चा शो. डबे, शाळा, धुणं टाकून कोण जाणार? तरी एकदा मी आणि जाऊ गेलो. खिडकीवरचा म्हणाला, पाच माणसं झाली तर लावू, नाहीतर पैसे परत. आम्ही दोघी आणि एक आजोबा. परत आलो. संध्याकाळी बातमी, मराठी सिनेमाकडे प्रेक्षकांनी पाठ फिरवली. पाठ आम्ही फिरवली होय?

त्यात आत गेलं तरी पॉपकॉर्न आणि दोन कोल्ड्रिंकचे 620. दोघींच्या तिकिटांपेक्षा जास्त. अनुदान द्यायचंच तर पॉपकॉर्नवर द्या.

व्हाउचरवाला
करदाता, दोन लाख बावीस. मान्य. खोडून लिहिलं.

हळदताई, शोच्या वेळांबद्दल शंभर टक्के. 2015 मध्ये सरकारने मराठीला प्राइम टाइम सक्तीचा केला होता, आठवतंय ना? मग ओरड झाली आणि प्राइम टाइम म्हणजे दुपारी 12 ते रात्री 9 असं ठरलं.

आगाऊ
दुपारी बाराचा प्राइम टाइम. आमच्या हापिसात त्याला 'जेवण झालं का' म्हणतात.

खुर्ची क्र. १३
पॉपकॉर्नवर बोलायला आलोय. वडील एका सिंगल स्क्रीनला डोअरकीपर होते, मी मध्यंतरात समोसे विकलेत. तिकिटातले निम्मे वितरकाकडे, त्यातून वीज, पगार, प्रोजेक्टर. थिएटर चालायचं ते समोश्यांवर आणि सायकल स्टँडवर. हळदताई, तुमच्या 620 मध्ये तुमच्या खुर्चीचं भाडं आहे.

सांगलीची हळद
खुर्चीचं भाडं तिकिटात दिलंय मी! मक्याची मूठभर लाही किलोच्या भावात कितीला पडते मला माहीत आहे, घर चालवते. 2018 मध्ये मनसेने तेवढं एक आंदोलन बरं केलं होतं. मग 2023 ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, बाहेरचं खाणं अडवायचा थिएटरवाल्याला हक्क आहे. पाणी मात्र फुकट द्या. पाणी पिऊन सिनेमा बघा.

आगाऊ
डिसेंबर 2024 ला जीएसटी कौन्सिलने खारं पॉपकॉर्न आणि कॅरॅमल पॉपकॉर्न यांचे वेगवेगळे दर समजावून सांगितले. कॅरॅमलला 18 टक्के, म्हणजे विहिरीच्या सिनेमाला आणि कॅरॅमलला एकच दर. समता.

खुर्ची क्र. १३
ताई, मूठभर लाहीचा भाव काढताय तर तुमच्या घरातल्या एसीचं बिलही धरा. तीनशे खुर्च्यांच्या हॉलला तीन माणसांसाठी तेवढाच एसी लागतो. आमचं थिएटर बंद पडलं तेव्हा गावाने हळहळ व्यक्त केली. त्यातले निम्मे समोसे खिशात घालून यायचे. वडिलांना दिसायचं, ते बोलायचे नाहीत.

सांगलीची हळद
म्हणजे आता तुमचं थिएटर माझ्या डब्यामुळे बंद पडलं?

व्हाउचरवाला
हात जोडतो. धागा अनुदानाचा आहे.

करदाता नं. १
नाही, चालू द्या. इथल्या सगळ्यांना तिकीट आणि पॉपकॉर्न कळतं, अनुदान कोणालाच कळत नाही, हाच माझा मुद्दा होता.

एक विचारतो. पूर्वी करपरतावा होता. तिकिटावर जमलेला कर निर्मात्याला परत, पण पुढचा मराठी सिनेमा काढला तरच. दादा कोंडके त्याच काळातले. जितकी गर्दी तितका परतावा. नावं ठेवा त्या सिनेमांना, पण पैसा लोकांच्या तिकिटातून यायचा. ते मोडून समितीने गुण द्यायची पद्धत आणली आणि सगळे समितीसाठी सिनेमे काढायला लागले.

हाउन्स्लोकर
लंडनहून. अलीकडे मराठी सिनेमात सगळे लंडनला का येतात याचं आश्चर्य वाटत असेल तर सांगतो: ते नायिकेचं स्वप्न नसतं, हिशेबनीसाचं असतं. इथलं सरकार इथे केलेल्या खर्चावर टॅक्स क्रेडिट देतं, म्हणजे खर्चाचा काही भाग परत. 2024 पासून 34 टक्के, त्यावरचा कर जाऊन हातात साधारण 25 पडतात, मुख्य खर्चाच्या 80 टक्क्यांपर्यंत. गुण इथेही असतात, पण सिनेमा चांगला आहे का याचे नाहीत, ब्रिटिश किती आहे याचे. खर्चाचे कागद दाखवा, क्रेडिट घ्या. आमच्या गल्लीत एका मराठी शूटिंगला मी गर्दीत उभा होतो. सँडविच मिळालं.

व्हाउचरवाला
करदाता, करपरताव्याचं तुमचं खरं आहे. पण तो हिट सिनेमावाल्याला मिळायचा, म्हणजे ज्याच्याकडे आधीच होतं त्याला. पहिलाच सिनेमा काढणाऱ्याला त्यात शून्य.

समितीबद्दल मी पाच वर्षं बोलत नाहीये, आज बोलतो. एका निर्मात्याच्या (नाव नाही) सिनेमाची फाइल मी स्वतः घेऊन फिरलो. सेन्सॉरचा दाखला, सीएचं प्रमाणपत्र, सगळं. एकदा सही राहिली म्हणून परत, एकदा प्रत अस्पष्ट म्हणून परत. पैसे आले तेव्हा दोन वर्षं गेली होती, आणि आल्यावर निर्मात्याने त्यातून पुढच्या सिनेमाचा मुहूर्त केला. टेम्पोवाल्याचे 38,000 आजही वहीत लाल शाईत आहेत. तो मला फोन करतो, निर्मात्याला नाही.

म्हणून म्हणतो, बंद करू नका, लंडनसारखं खर्चाला बांधा. मजुरीची बिलं चुकती केल्याच्या पावत्या लावा, मगच पैसे.

करदाता नं. १
म्हणजे तुमच्याच तोंडून: अनुदान टेम्पोवाल्यापर्यंत पोचत नाही. मग परवा मी वेगळं काय म्हणालो?

व्हाउचरवाला
तुम्ही म्हणालात, बंद करा. बंद केल्यावर टेम्पोवाला फोन कोणाला करणार, तुम्हाला?

करदाता नं. १
वैयक्तिक जाऊ नका. 'छावा' करमुक्त करा म्हणून 2025 ला ओरड झाली तेव्हा मुख्यमंत्र्यांनी काय सांगितलं? महाराष्ट्रात करमणूक कर 2017 लाच रद्द झालाय. संपला विषय. तुम्ही अजून जुन्या माफीचं सुतक पाळताय.

सांगलीची हळद
संपला कसा? 2020 ला 'तान्हाजी'ला राज्याचा जीएसटी परत द्यायची सोय झालीच होती. मालुसरे आमचे, सिनेमा हिंदी, सवलत हिंदीला. मराठी सिनेमाला सकाळी 9:40.

करदाता नं. १
...हे आठवलं नव्हतं. ठीक आहे. मजुरी चुकती केल्याच्या पावत्यांवर देणार असतील तर माझा विरोध *थोडा* कमी. विहिरीला विरोध कायम.

आगाऊ
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

खुर्ची क्र. १३
हळदताई, डब्याचं मी रागात बोललो. पण समोसा तेव्हा दीड रुपयाला होता आणि आत बटाट्यात वाटाणे असायचे.

सांगलीची हळद
आणि 620 मध्ये वाटाणे आहेत का?