शेवट पाठ असूनही पुन्हा पाहावासा वाटणारा चित्रपट

परसदार:
नमस्कार. गेल्या रविवारी दुपारी दूरचित्रवाणीवर ‘अशी ही बनवाबनवी’ लागला होता आणि आमच्या घरातला नेहमीचा प्रकार पुन्हा घडला. आई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हा प्रश्न येण्याच्या क्षणभर आधी ती पिठाने माखलेले हात तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिली आणि विनोद होण्यापूर्वीच हसू लागली. चित्रपट 1988 सालचा आहे आणि तिने तो किती वेळा पाहिला आहे याचा हिशेब घरात कोणाकडेही नाही. पुढे काय होणार हे ठाऊक नसणे यातच गोष्टीची गंमत असते असे मी समजत आलो होतो; येथे तर संवादासकट सगळे पाठ आहे. ‘जुन्या आठवणी’ एवढे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण माझी नऊ वर्षांची भाची आईच्या शेजारी बसून तितकीच हसत होती आणि तिच्यापाशी त्या काळाच्या आठवणी असण्याचा प्रश्नच येत नाही. आपण पुन्हा पुन्हा पाहता असा चित्रपट किंवा मालिका कोणती आणि त्यातील नेमकी कोणती जागा आपल्याला परत बोलावते, हे सविस्तर लिहावे ही विनंती.

तिसरी घंटा:
आपण उदाहरण दिलेत त्यावरच लिहितो, कारण हौशी रंगभूमीवर पंधराएक वर्षे विनोदी नाटके बसवताना या चित्रपटाने मला पुष्कळ शिकवले आहे. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जी यांच्या 1966 सालच्या ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटातली आहे. पण वसंत सबनीसांनी ती मराठीत आणताना नुसते संवाद बदलले नाहीत, तर पुण्यातल्या भाडेकरूची सगळी लाचारी त्यात ओतली. जागा नाही, पैसे नाहीत आणि खोली मिळाली तरी ती फक्त जोडप्यांना, या तीन गोष्टी एकदा पक्क्या बसल्यावर पुढचा प्रत्येक खोटेपणा प्रेक्षकाला अपरिहार्य वाटू लागतो. सुधीरची सुधा आणि परश्याची पार्वती होते ती चैन म्हणून नव्हे, डोक्यावर छप्पर हवे म्हणून. त्यामुळे हसताना आपण मनातून त्या चौघांच्या बाजूनेच असतो. (बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात पुरुषाने लुगडे नेसण्याचे कोणाला नवल वाटू नये, पण येथे ते लुगडे भाडेपावतीसारखे वापरले आहे, ही सबनीसांची करामत.)

आता जवळून पाहण्याची एक जागा सांगतो. सुधीर जोशी यांचा घरमालक विश्वासराव सरपोतदार औषधासाठी दिलेल्या सत्तर रुपयांची चौकशी करतो आणि अशोक सराफ ते पैसेही ‘वारले’ असे सांगतात. हे वाक्य आता लग्नाच्या पंगतीतही ऐकू येते, परंतु ते बोलणाऱ्या मंडळींचा विनोद बहुधा पडतो, कारण अशोक सराफ तेथे विनोद करीतच नाहीत. एखाद्याच्या मर्तिकाची बातमी जितक्या गंभीरपणे सांगावी तितक्याच गंभीरपणे ते पैशांची बातमी सांगतात आणि समोर सुधीर जोशींचा चेहरा आधी सहानुभूतीने मऊ होऊन मग हळूहळू हिशेबाकडे वळतो. माझ्या मते निम्मे हसू त्या चेहऱ्यात आहे. वाक्य पाठ होते, चेहरा पाठ होत नाही. म्हणून तो पुन्हा पाहावा लागतो.

जुना कंदील:
वरील मताशी मी सहमत आहे, फक्त मला ते हसण्यापुरते मर्यादित वाटत नाही. माझी निवड जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (1979) ही आहे. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली. महाविद्यालयात असताना मी तो पाहिला तेव्हा डॉ. लागूंचा अर्थमंत्री दाभाडे आणि अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री यांच्या शह-काटशहापलीकडे मला काही दिसले नव्हते; कोण कोणाला पाडतो एवढीच उत्सुकता होती. पुढे तीस वर्षे सरकारी कचेरीत टेबलापलीकडून माणसे पाहिल्यावर माझी नजर निळू फुले यांच्या दिगू टिपणीसवर खिळली. हा पत्रकार बोलतो थोडे, ऐकतो फार. जो येतो तो त्याच्यापाशी काहीतरी ओतून जातो आणि त्या चेहऱ्यावर आश्चर्यसुद्धा उमटत नाही, कारण ते केव्हाच संपलेले असते. याच नटाने ‘सामना’मध्ये हिंदुराव धोंडे पाटलाचा दरारा उभा केला होता आणि ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न त्याच्याच पाठीशी लागला होता, हे आठवले म्हणजे दिगूचे गप्प बसणे अधिक जड वाटते. शेवटी दिगूचे ते वेडे हसणे पहिल्यांदा मला भडक वाटले होते. आता वाटत नाही.

चित्रपट तोच राहतो, आपण मात्र त्यातल्या एका खुर्चीवरून उठून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसतो, असे काहीसे माझे झाले.

इंदूरकर:
आमच्या घरी इंदूरला मराठी बोलले जाई आणि मालिका हिंदी पाहिल्या जात, म्हणून माझे उत्तर मराठी कलाकृतीचे नाही, याबद्दल क्षमस्व. शंकर नाग यांनी दूरदर्शनसाठी केलेली ‘मालगुडी डेज’ मी आजही वर्षातून एकदा पाहते. स्वतः शंकर नाग मुंबईत मराठी रंगभूमीवर काम केलेले आणि ‘22 जून 1897’ या मराठी चित्रपटात दिसलेले होते, हे मला फार उशिरा कळले आणि उगाचच आपुलकी वाढली. कर्नाटकातल्या आगुंबे गावात तिचे बरेचसे चित्रीकरण झाले. आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे आणि एल. वैद्यनाथन यांची ती सुरावट सुरू झाली की माझे घरातले कोणतेही काम थांबते.

परंतु ‘परसदार’ यांनी नेमकी जागा विचारली आहे. ती म्हणजे गिरीश कार्नाड यांनी साकारलेले, स्वामी या शाळकरी मुलाचे वडील. ते रागावणार हे स्वामीला ठाऊक असते, आपल्यालाही ठाऊक असते आणि तरीही ते खोलीत आले की दोघेही सावरून बसतो. त्या घरात कोणी वाईट नाही. वडिलांना मुलगा कळत नाही आणि मुलाला वडील कळत नाहीत, एवढेच. या मालिकेत फारसे काही ‘घडत’ नाही अशी तक्रार माझा मुलगा करतो. मला तर तेच हवे असते. रोज नवे वळण आणणाऱ्या मालिकेत वळण कळले की पाहण्यासारखे काही उरत नाही.

शाईचा डाग:
थोडे विरुद्ध लिहितो. ‘श्वास’ (2004) हा माझा सर्वांत आवडता चित्रपट आहे आणि तो मी एकदाच पाहिला आहे. नातवाचा जीव वाचवण्यासाठी त्याचे डोळे काढावे लागणार, हे कळल्यावर शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा त्याला रुग्णालयातून बाहेर नेतात आणि जग दाखवून आणतात. अरुण नलावडे आणि अश्विन चितळे यांचा तो दिवस मला पुन्हा सोसणार नाही. ‘श्यामची आई’नंतर इतक्या वर्षांनी सुवर्णकमळ मिळवणारा मराठी चित्रपट म्हणून त्याचे कौतुक होते ते योग्यच आहे, पण माझे कारण तेवढे सार्वजनिक नाही. त्या वर्षी माझ्या वडिलांची दृष्टी कमी होत होती. तेव्हा पुन्हा पाहणे हीच आवडीची खूण मानायची असेल, तर माझे नाव यादीत घेऊ नये.

परसदार:
सर्वांचे मनापासून आभार. ‘शाईचा डाग’ यांचा आक्षेप मान्य आहे; प्रश्न मीच अरुंद विचारला होता. आपली उत्तरे आईला वाचून दाखवली. ‘तिसरी घंटा’ यांनी सुधीर जोशींबद्दल लिहिलेले ऐकून ती म्हणाली की, ती दारात येते ती परश्यासाठी नाही, सरपोतदारासाठी. लग्नानंतरची पहिली चार वर्षे आई-बाबा एका वाड्यातल्या एका खोलीत राहिले होते. घरमालक पाहुण्यांच्या चपला मोजत असत, म्हणून मामा आला की आई त्याच्या चपला पिशवीत घालून आत नेत असे. ही हकिगत आम्ही भावंडांनी प्रथमच ऐकली. भाचीने लगेच विचारले, ‘मग मामा पकडला गेला का?’ आणि आई सरपोतदाराचा आवाज काढून पुढचे सांगू लागली.