जेम्स मिल्नर : कुठेही खेळता येण्याची किंमत कोणी मोजली?

मधली फळी (चर्चाप्रस्ताव; या चर्चेतले सगळेच टोपणनावाने लिहितात)

जेम्स मिल्नरचे नाव निघाले की सगळे आदराने बोलतात, आणि तो आदर त्याने कमावलेला आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो लीड्स युनायटेडकडून प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये, उतरला. त्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी संडरलँडविरुद्ध गोल करून तो त्या वेळचा लीगमधला सर्वांत लहान वयाचा गोलकर्ता ठरला. हाच खेळाडू ऑगस्ट २०२५ मध्ये, चाळिशीला चार महिने उरले असताना, ब्रायटनकडून मँचेस्टर सिटीविरुद्ध पेनल्टीवर गोल करतो, याचे कौतुक वाटलेच पाहिजे. परंतु या कौतुकाखाली एक प्रश्न कायम झाकला जातो.

मिल्नर उजव्या बगलेला खेळला, डाव्या बगलेला खेळला, मध्यभागी खेळला, बचावफळीच्या दोन्ही टोकांना खेळला आणि मँचेस्टर सिटीत असताना तिथे आघाडीपटूंची चणचण भासली तेव्हा थेट आक्रमणाच्या टोकालाही उभा राहिला. या यादीला आपण त्याचे वैभव मानतो. माझ्या मते ही यादी एका उत्कृष्ट मध्यरक्षकाला त्याची हक्काची जागा न मिळाल्याचा पुरावा आहे.

२००९-१० चा हंगाम आठवून पाहा. गॅरेथ बॅरी सिटीकडे गेल्यामुळे अ‍ॅस्टन व्हिलाच्या मध्यभागी जी पोकळी झाली, ती भरण्यासाठी व्हिलाचे प्रशिक्षक मार्टिन ओनील यांनी मिल्नरला बगलेवरून आत आणले. बगलेवर असताना त्याचे काम सरळ रेषेतले होते: धावायचे, क्रॉस द्यायचा, परत यायचे. मध्यभागी आल्यावर चेंडू हिसकावणे, लगेच मान वर करून पुढचा पास शोधणे आणि त्या पासच्या मागोमाग प्रतिस्पर्ध्यांच्या पेनल्टी क्षेत्रापर्यंत पोहोचणे, ही तिन्ही कामे तो एकाच धावेत करू लागला. व्हिला सहाव्या स्थानी राहिले, लीग कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडविरुद्ध त्याने पेनल्टीवर गोल केला, आणि इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंनी त्याला वर्षातला सर्वोत्तम युवा खेळाडू म्हणून निवडले. तेव्हा तो २४ वर्षांचा होता, म्हणजे मध्यरक्षकाचे खरे दिवस सुरू होण्याच्या वयाचा.

पुढे काय झाले? २०१० मध्ये तो सिटीकडे गेला, पण तिथे मध्यभाग याया टूरे, बॅरी आणि डी याँग यांच्याकडे होता, म्हणून मिल्नर पुन्हा बगलेवर गेला. इंग्लंडसाठी तो ६१ सामने खेळला, पण त्यांतही बहुतेक वेळा काठावरच. २०१० च्या विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध त्याला डावीकडे उतरवले आणि अर्ध्या तासात परत बोलावले. ज्याला कुठेही ठेवता येते त्याच्यासाठी कोणी जागा राखून ठेवत नाही, असे माझे मत आहे. आपली मते वाचायला आवडतील.

उजवी बगल

आपण एका हंगामावर फार मोठी इमारत उभी केली आहे. ओनील यांचा व्हिला संघ बव्हंशी प्रतिआक्रमणावर जगत असे. त्यात मध्यभागी मोकळी जागा मिळत असे आणि लांब पल्ल्याच्या धावांना किंमत होती. सिटीला समोरचे बहुतेक संघ आपल्या पेनल्टी क्षेत्राभोवती गर्दी करून अडवत. तिथे मधल्या खेळाडूकडून वेगळ्या गोष्टी हव्या असतात: तीन जणांच्या गराड्यात चेंडू पायाशी ठेवणे, एका स्पर्शात दिशा बदलणे. टूरे आणि डेव्हिड सिल्वा यांच्या हाती हे कसब मिल्नरपेक्षा अधिक होते, असे म्हटल्याने मिल्नरचा अपमान होत नाही.

शिवाय बगलेवर पाठवणे म्हणजे अडगळीत टाकणे, हे गृहीतकच मला मान्य नाही. २३ ऑक्टोबर २०११ रोजी सिटीने ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडला ६-१ असे हरवले. त्या सामन्यात मारियो बालोटेलीच्या दोन्ही गोलांसाठी चेंडू पुरवला तो मिल्नरने. डिसेंबर २०१३ मध्ये सिटीने बायर्नला म्युनिकमध्ये ३-२ असे हरवले, त्यातला निर्णायक तिसरा गोल त्याचाच होता. पाच वर्षांत दोन लीग विजेतेपदे, एक एफए कप आणि एक लीग कप मिळाला. ज्याला जागा मिळाली नाही असे आपण म्हणता, त्याला हे सगळे प्रेक्षकांत बसून मिळालेले नाही.

राखीव बाक

मला दोघांच्याही मांडणीत एक व्यावहारिक बाब राहून गेल्यासारखी वाटते, ती म्हणजे बदली खेळाडूंचा नियम. मिल्नरच्या कारकिर्दीचा मोठा भाग अशा काळात गेला जेव्हा प्रत्येक सामन्यात तीनच खेळाडू बदलता येत असत. पाच बदलांची मुभा २०२० मध्ये आली आणि प्रीमियर लीगने ती कायमस्वरूपी २०२२-२३ पासून स्वीकारली. तीनच बदल हातात असताना दोन जागांवर खेळू शकणारा एक खेळाडू मैदानावर असणे म्हणजे प्रशिक्षकाकडे एक जादा बदल असण्यासारखे होते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण ७ मे २०१९ चे आहे. मिल्नर तेव्हा लिव्हरपूलमध्ये होता, आणि चॅम्पियन्स लीगच्या उपान्त्य फेरीतला पहिला सामना लिव्हरपूल बार्सिलोनात ३-० असा हरले होते. अ‍ॅनफिल्डवरच्या परतीच्या सामन्यात मध्यंतराला डावा बचावपटू अँडी रॉबर्टसन दुखापतीमुळे बाहेर गेला. तेव्हा संघ १-० असा पुढे होता, म्हणजे आणखी दोन गोल केल्याशिवाय बरोबरीही साधता येणार नव्हती. लिव्हरपूलचे प्रशिक्षक यर्गन क्लॉप यांनी त्याच्या जागी बचावपटू आणला असता तर बदल फक्त दुरुस्तीवर खर्च झाला असता. त्यांनी मधल्या फळीतल्या मिल्नरला डाव्या बचावाला सरकवले आणि मध्यभागी जॉर्जिनियो वाइनाल्डमला आणले. वाइनाल्डमने ५४व्या आणि ५६व्या मिनिटाला दोन गोल केले, पुढे दिवोक ओरिगीने चौथा केला आणि संघ अंतिम फेरीत गेला. त्या दोन गोलांच्या नोंदीत मिल्नरचे नाव नाही, पण मिल्नर नसता तर तो बदल तसा करताच आला नसता. समोर लिओनेल मेस्सीचा संघ असताना, पंचेचाळीस मिनिटे मध्यभागी धावून झाल्यावर, तेहतिसाव्या वर्षी दुसऱ्या जागेवर जाऊन एकही गोल होऊ न देणे, याला मी नुकसान म्हणायला तयार नाही.

डावा कोपरा

राखीव बाक यांचे उदाहरण प्रभावी आहे, पण ते अर्ध्या सामन्याचे आहे. पूर्ण हंगामाचे उदाहरण घेऊ या, म्हणजे मूळ प्रस्तावातला मुद्दा नीट दिसेल.

२०१६-१७ मध्ये क्लॉप यांनी मिल्नरला जवळजवळ वर्षभर डावा बचावपटू म्हणून खेळवले. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, आर्सेनलविरुद्ध, त्या जागेवरच्या अल्बर्टो मोरेनोच्या चुका महागात पडता पडता राहिल्या होत्या, आणि मिल्नर हा सर्वांत भरवशाचा पर्याय होता. त्याने काम चोख केले आणि संघ चौथा आला. तरीही तो उजव्या पायाचा खेळाडू होता. डाव्या कडेने धावणाऱ्याला पहिल्या स्पर्शातच डाव्या पायाने चेंडू आत टाकता आला पाहिजे. मिल्नर बरेचदा काठावर पोहोचून चेंडू थांबवत असे, शरीर आत वळवून तो उजव्या पायावर घेत असे आणि मग क्रॉस देत असे. या एका वळणाला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात समोरच्या बचावफळीला आपापले खेळाडू गाठून उभे राहता येते. दोष त्याचा नव्हता, जागेचा होता. पुढच्याच उन्हाळ्यात क्लबने हल सिटीकडून रॉबर्टसनला आणले, यावरून क्लबलाही ते कळले होते असे म्हणता येईल.

आता खरा मुद्दा. बचावाच्या कामातून सुटून मिल्नर मधल्या फळीत परतला त्या २०१७-१८ च्या हंगामात त्याने चॅम्पियन्स लीगमध्ये ९ गोलांसाठी शेवटचा पास दिला, आणि तो त्या स्पर्धेतल्या एका हंगामाचा विक्रम ठरला. उपान्त्य फेरीत रोमाविरुद्ध रॉबेर्तो फिर्मिनोने डोक्याने केलेला गोल मिल्नरच्या कॉर्नरवरचा होता. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी हा माणूस युरोपातल्या सर्वोच्च स्पर्धेत मध्यभागातून असा खेळतो, तर चोवीस ते एकोणतीस या वयात त्याने त्याच जागेवरून काय केले असते, हा प्रश्न विचारणे गैर नाही.

उजवी बगल

डावा कोपरा, आपण डाव्या पायाबद्दल जे लिहिले आहे ते अचूक आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला उलटा वाटतो. ते ९ पास कोणी दिले? एखाद्या शुद्ध मध्यरक्षकाने दिले असे मला दिसत नाही. त्या संघात मिल्नर मध्यभागातून सतत काठाकडे झुकत असे, मोकळ्या बाजूने क्रॉस देत असे, कॉर्नर घेत असे आणि रॉबर्टसन पुढे गेला की त्याची मागची जागा राखत असे. बगलेवरची आणि बचावातली सगळी वर्षे त्या कामात उतरली होती. बाकीच्या जागांवर खेळल्यामुळेच तो मध्यभागी असा खेळू शकला.

जर्मन बचावपटू फिलिप लाम याचेच उदाहरण घ्या. २०१३ मध्ये बायर्नचे प्रशिक्षक पेप गार्डिओला यांनी त्याला बचावातून मध्यभागी आणले. २०१४ च्या विश्वचषकात जर्मनीने त्याला सुरुवातीला मध्यभागी खेळवले आणि फ्रान्सविरुद्धच्या उपान्त्यपूर्व सामन्यापासून परत उजव्या बचावाला ठेवले. जर्मनी जगज्जेते झाले. लामचे नुकसान झाले असे कोणी म्हणत नाही.

मधली फळी

लामचे उदाहरण आल्यामुळे मला माझा मुद्दा अधिक नेमका करता येईल, म्हणून आभार. लाम जेव्हा मध्यभागी गेला तेव्हा तो तिशीला आला होता आणि बचावफळीच्या टोकाचा जगातला अग्रगण्य खेळाडू म्हणून त्याचे स्थान पक्के झालेले होते. त्याची एक जागा आधी सिद्ध झाली, मग दुसरी मिळाली. संघाने त्याला हलवले ते त्याच्याकडून आणखी काही मिळवण्यासाठी. मिल्नरला हलवले गेले ते दुसऱ्या कोणाची तरी अनुपस्थिती झाकण्यासाठी: बॅरी गेला, मोरेनो चुकला, रॉबर्टसन दुखावला, उजवा बचावपटू ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड उपलब्ध नसला. योगायोगाने बॅरीची जागा त्याला सर्वांत चांगली मानवली, आणि वर्षभरात तीही सुटली.

उजवी बगल, सिटीच्या मध्यभागाविषयी आपण म्हणता ते टूरे आणि सिल्वा यांच्यापुरते मान्य आहे. परंतु प्रत्येक हंगामात पन्नास-पन्नास सामन्यांचे ओझे वाहणाऱ्या संघात मध्यभागी तिसऱ्या, चौथ्या खेळाडूलाही सलग संधी मिळते. ती संधी मिल्नरला सलग मिळाली नाही, कारण बगलेवर कोणी कमी पडले की पहिले नाव त्याचेच निघत असे. खेळाडूची लय ही सलग खेळण्यातून येते. दर आठवड्याला चेंडू वेगळ्या कोनातून अंगावर येत असेल, मागे कोण आहे आणि पुढे कोण धावणार आहे हे दर वेळी नव्याने लक्षात ठेवावे लागत असेल, तर उत्तम खेळाडूही सावधपणे खेळू लागतो, आणि सावध मध्यरक्षक धोक्याचा पास देत नाही.

राखीव बाक

हा शेवटचा परिच्छेद पटण्याजोगा आहे. फक्त एक विचारावेसे वाटते. जानेवारी २०२४ मध्ये मिल्नरने प्रीमियर लीगमधल्या सामन्यांच्या संख्येत रायन गिग्जला, म्हणजे ६३२ सामन्यांना, मागे टाकले. एकाच जागेवर खेळणाऱ्या, एका पेनल्टी क्षेत्रापासून दुसऱ्यापर्यंत धावणाऱ्या किती मध्यरक्षकांना पस्तिशीनंतर या दर्जाच्या लीगमध्ये करार मिळतो? पाय मंदावले की त्यांची जागा तरुण खेळाडू घेतो आणि दुसरी जागा त्यांच्याकडे नसते. ब्रायटनने ३७ वर्षांच्या मिल्नरला घेतले, त्याला बचावातही खेळवले आणि मध्यभागीही. २०२४ मध्ये तिथे आलेले प्रशिक्षक फाबियान ह्युर्झेलर मिल्नरपेक्षा सात वर्षांनी लहान आहेत, तरीही त्यांना तो संघात हवासा वाटला.

डावा कोपरा

त्या दीर्घ कारकिर्दीचे श्रेय अष्टपैलूपणाला देण्याआधी त्याच्या शरीराला द्यावे लागेल. तो मद्य घेत नाही, आणि लिव्हरपूलच्या हंगामपूर्व सरावात रक्तातील लॅक्टेट मोजत दमसास पाहणारी जी धावण्याची चाचणी होत असे, तीत तिशी उलटल्यावरही तो विशीतल्या सहकाऱ्यांच्या पुढे असे. असे शरीर असलेला खेळाडू एकाच जागेवरही दीर्घकाळ टिकला असता. गॅरेथ बॅरी प्रामुख्याने मध्यभागी खेळून ६५३ सामन्यांपर्यंत गेलाच.

मधली फळी

बॅरीचा उल्लेख समर्पक आहे, आणि त्याला जोडून एकच गोष्ट. २०१५ च्या उन्हाळ्यात मिल्नरचा सिटीशी असलेला करार संपला. सिटीला तो हवा होता. विजेतेपदाच्या शर्यतीतला तो संघ सोडून, आदल्या हंगामात सहाव्या आलेल्या लिव्हरपूलकडे तो गेला, कारण त्याला मध्यभागी खेळायचे होते. आपले नुकसान होते आहे की नाही, याबद्दल खेळाडूच्या स्वतःच्या निर्णयाइतका बोलका पुरावा दुसरा कोणता असेल?

उजवी बगल

तोच पुरावा पुढेही वाचावा लागेल. लिव्हरपूलला गेल्यावर वर्षभरात त्याला डाव्या बचावाला उभे केले. ते त्याला नको होते, असे आपण म्हणाल, आणि ते खरेही असेल. मग त्याच्याकडे दुसऱ्यांदा तोच मार्ग होता. तिशीतल्या, भरपूर अनुभवाच्या, दोन लीग विजेतेपदे नावावर असलेल्या मध्यरक्षकाला गुणतक्त्यात मध्यावर राहणाऱ्या एखाद्या संघात सहज जागा मिळाली असती, आणि तिथे त्याला कोणी हलवलेही नसते. तो गेला नाही. आठ वर्षे राहिला, चॅम्पियन्स लीग आणि लीग जिंकला, आणि जून २०२२ मध्ये, सुरुवातीच्या अकरा जणांत आपले नाव क्वचित असेल हे ठाऊक असूनही, ३६ व्या वर्षी त्याने आणखी एका वर्षाचा करार केला. २०१५ मध्ये त्याने जागा निवडली हे मी मान्य करतो. त्यानंतर दर वेळी त्याने संघ निवडला, आणि त्या निवडीचाही हिशेब या चर्चेत धरावा लागेल.