मॅलम कोव्ह: गुडघेदुखी असलेल्या आईला नेता येईल का?

मंडळी, मदत हवी आहे. पुढच्या महिन्यात आई-बाबा आमच्याकडे लीड्सला येताहेत. बाबांनी उभा सह्याद्री पालथा घातलाय, त्यांना यॉर्कशायर डेल्समधला मॅलम कोव्ह दाखवायचाच आहे. सुमारे ८० मीटर उंचीचा, चुनखडीचा अर्धगोल कडा! कोकणकड्याच्या काळ्या बेसाल्टवर प्रेम करणारा माणूस हा पांढुरका दगड बघून काय म्हणेल, याची फार उत्सुकता आहे.

पण माथ्यावर जायला साधारण ४०० पायऱ्या आणि आईचे गुडघे दुखतात. वरचा भेगाळलेला खडक पावसात निसरडा होतो, त्याचीही धास्ती वाटते. पायऱ्या टाळून वर नेणारी सोपी वाट कुणाला माहीत आहे का? जवळच्याच गॉर्डेल स्कार या चुनखडीच्या घळीच्या पायथ्यापर्यंत तरी आईला झेपेल का? आमच्याकडे गाडी नाही. स्किप्टनपर्यंत रेल्वेने येऊ, पण पुढे रविवारी बस मिळते का?